किल्ल्याचा जिना आणि फोडणीची पळी

आये,

मी एका माणसाला तलवारीनं मारलं. तलवार लाकडाची होती, पण रक्त आलं. आयर्लंड म्हणून एक देश आहे, तिथल्या जुन्या किल्ल्यात, जिन्यात, वीस-पंचवीस माणसं बघत असताना मारलं. तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, कुठल्या हातानं? तेवढंच सांगायला बसले आहे. घरात कोणी नाही, वरण शिजतंय, एसी घुरघुरतोय आणि नातीच्या वहीची मागची पानं कोरी आहेत.

तू गेलीस तेव्हा माझा मुलगा रांगत होता. तो आता बहारीनला असतो, विमानतळावर मालाच्या खात्यात. तुझा जावई वारला आणि मुलानं मला इकडे आणलं. आधी मुहर्रकला राहायचो, विमान गेलं की कपाटातल्या वाट्या वाजायच्या. आता माहूजला मोठा फ्लॅट आहे, पाचव्या मजल्यावर. इथे आल्या आल्या रेसिडेन्ट आयडी कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला नेलं. उजवा हात काचेवर ठेवला, ठसे उठले. डावा ठेवला, काही नाही. काळ्या अबायातली पोरगी होती, गोड होती. तिनं माझी बोटं ओल्या कागदानं पुसली, कोरडी केली, आपल्या हातानं दाबून धरली. "यल्ला मामा, वन मोर." यल्ला म्हणजे चला, आणि मामा म्हणजे आई. मी वन मोर, वन मोर करून दमले. शेवटी ती शेजारणीकडे वळून म्हणाली, "फिंगर मफी!" मफी म्हणजे नाही. म्हणजे या म्हातारीला बोटंच नाहीत! सुनेनं विचारलं, "आई, हे काय झालंय?" मी म्हटलं, "तरुणपणी दरोडे घालायचे गो, ठसे सापडू नयेत म्हणून घासून टाकले." मुलगा हसला. सून हसली नाही. ती नर्स आहे. तिनं माझा हात उलटा करून नीट पाहिला, आणि सोडून दिला.

दरोडा तू घातला होतास. मी सात वर्षांची. तू काजूच्या फॅक्टरीत काजू फोडायला जायचीस, हाताला राख चोळून, तरी संध्याकाळी तुझी बोटं काळी व्हायची आणि चिरायची. त्या टरफलाचं तेल म्हशीच्या कातड्याला लागलं तर तेही सोलवटेल, असं तूच सांगायचीस. आणि तेच तेल तू खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून घरी आणलंस. का, तर मी डावरी. डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं पाटीवर लिहायची, आणि त्या दिवशी आत्याला डाव्या हातानं पाण्याचा तांब्या दिला. आत्या पाणी न पिता उठली. "हिच्या हातचं कोण पिणार गो? आणि हिला करून कोण घेणार?" ती पायरी उतरली आणि तू मला चुलीपाशी आडवं पाडलंस. छातीवर गुडघा ठेवलास, तोंडात पदराचा बोळा कोंबलास, आणि काडीला चिंधी गुंडाळून एकेका बोटाला तेल लावलंस. करंगळीपासून सुरुवात. तू ओठातल्या ओठात मोजत होतीस, फॅक्टरीत काजू मोजायचीस तशी. अंगठ्यापाशी आलीस तेव्हा मी तुझ्या गुडघ्याला चावले. तू गुडघा हलवला नाहीस.

हात भोपळ्यासारखा सुजला. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी कातडी निघाली. तू माझ्या ताटासमोर बसून रडायचीस, आणि मी चुकून डावा हात पुढे केला की रडता रडताच थोबाडीत ठेवून द्यायचीस. मला तेव्हासुद्धा त्याचं हसू आलं होतं, खरं सांगते. एक डोळा पुसायचीस आणि दुसऱ्या हातानं मारायचीस. आठ दिवसांनी फॅक्टरीतून आलीस ती ओच्यात काजूचे तुकडे लपवून. फाटकावर बायांची झडती घ्यायचे, तरी आणलेस. माझ्या उजव्या हातावर ठेवलेस आणि म्हणालीस, "खा." तेवढंच. दुसऱ्यांदा आणायला गेलीस तेव्हा सापडलीस. मुकादमानं सगळ्या बायांसमोर तुझ्या कानाखाली मारली. घरी आलीस तेव्हा गालावर त्याची चार बोटं उमटली होती. माझी पुसली होतीस, त्याची घेऊन आलीस. त्यावर आपण दोघी कधी एक अक्षर बोललो नाही.

मी उजवी झाले. लग्न झालं, तुझ्या जावयानं माझ्या हातचं पाणी घागरींनी प्यायलं. त्यानं एकदाच विचारलं, बोटं अशी गुळगुळीत का? मी म्हटलं, "तुझ्यासारखा नवरा मिळावा म्हणून देवीपुढे घासली, चुकून जास्तच घासली गेली." बिचाऱ्याला पटलं.

आता नातीचं ऐक. नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. आणि डावरी आहे, आये! माझ्याहून डावरी. चित्रं काढते, चेंडू फेकते, दात घासते, सगळं डाव्यानं. तिच्या आईबापाला त्याचं काही नाही. मी मात्र तिनं डाव्या हातानं वाटी पुढे केली की आधी कोणी बघत नाही ना ते बघायची. इथले अरबसुद्धा डाव्या हातानं काही देत-घेत नाहीत, म्हटलं इथेही तुझंच राज्य आहे. मी चेष्टा करून बघितली, "आमची उलट्या हाताची महाराणी," म्हणायची. ती हसायची आणि डाव्या हातानं टाळी द्यायची.

माहूजच्या घरात आलो तेव्हा सत्यनारायण घातला. आपल्याकडची तीसेक माणसं आली होती. प्रसादाचा शिरा नात वाटत होती, परकर-पोलकं घालून, डाव्या हातानं द्रोण पुढे करत. इथल्याच नईम भागात राहणारे एक काका आहेत, इथे चाळीस वर्षं काढलेले. त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय आजी, नातीला देवाचा हात कुठला ते शिकवलं नाहीत वाटतं?" सगळे हसले. मीही हसले. आत आले. वरणाला फोडणी करायची होती, लोखंडी पळी गॅसवर तापत होती. नात मागून आली आणि माझ्या बाजूनं तिचा डावा हात द्रोणांच्या चळतीकडे गेला. आये, मी विचार केला असं खोटं सांगणार नाही. तापलेली पळी उचलली आणि तिच्या मनगटावर मारली. चर्र झालं. तेल जळतं त्याहून वेगळा वास असतो तो, तुला ठाऊक आहे.

पोर ओरडली नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी कोण आहे हे तिला आठवत नाहीये. मग नळाखाली हात धरला. सून धावत आली, "काय झालं?" आणि नात म्हणाली, "ओव्हन. आय टच्ड द ओव्हन." मी पळीत मोहरी टाकली. तडतडली. बाहेर संध्याकाळची आरती सुरू झाली आणि मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटली.

त्या दिवसापासून नात माझ्याशी वाईट वागली नाही. वाईट वागली असती तर बरं झालं असतं. ती फक्त माझ्यासमोर उजव्या हातानं जेवायला लागली. भात सांडायचा, ताटाभोवती रांगोळी पडायची. मुलगा म्हणायचा, "आई, तुझ्या तालमीत सुधारली हं पोरगी." मला वाटायचं, हे कधी बाहेर येईल? आलं तर सून मला एक दिवस ठेवणार नाही, पहिल्या विमानानं गावी धाडेल, आणि तिचं काही चुकणार नाही. आणि नाही आलं तर ही पोर जन्मभर माझ्यासमोर भात सांडत राहील. आयर्लंडला सुनेची बहीण असते, तीही नर्स. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं बोलावलं, तेव्हा मी पण निघाले. म्हटलं, विसरेल पोर तिथे.

तिथे गेलो त्या रविवारी किल्ल्यात फॅमिली डे होता. किल्ला दगडी, हिरव्या गवतात उभा, वर कावळे. बाहेर मुलांना तलवारी वाटत होते, तोंडं रंगवत होते, एका हातावर ससाणा घेऊन बाई फिरत होती. मी म्हटलं, हे तर आमच्या बहारीनचे लोकही पाळतात, त्यात काय. आत गाइड भेटला. साडेसहा फूट, तांबडी दाढी, अंगात लोखंडी कड्यांचा सदरा. तो इंग्रजीत गर्जायचा आणि सून माझ्या कानात मराठीत सांगायची. दारावरच छताला एक भोक होतं. खालून शत्रू आला की वरून उकळतं पाणी आणि दगड टाकायचे. मग एक खड्डा, त्यात माणूस टाकला की वरून झाकण, मरेपर्यंत उघडायचं नाही. मग एक खोली, तिथे सख्ख्या भावानं भावाला जेवणाच्या ताटावर भोसकलं, भिंतीपाशी, हो, बाळांनो, अगदी तुम्ही उभे आहात तिथेच! मुलं खूश. मी सुनेला म्हटलं, "एवढा मोठा किल्ला बांधून भाऊच मारायचा होता, तर आमच्या गावचा बांध काय वाईट होता?" सून हसली. नात त्या भोकाखालून सरकली ती तोंड वर करून सगळा वेळ बघत होती, वर कोणी आहे का.

मग जिना आला. गोल, अरुंद, दगडी, मध्ये खांब. गाइडनं सांगितलं की हा जिना मुद्दाम उजवीकडे वळत वर जातो. खालून चढणाऱ्याचा तलवारीचा हात खांबावर आपटतो, आणि वरून उतरणाऱ्याचा हात मोकळा राहतो. एकच पायरी मुद्दाम उंच ठेवलेली, शत्रू अडखळावा म्हणून. हा जिना कोणाला घेता येत नसे. फक्त एकाच माणसाला यायचा. मग त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं. सुनेनं सांगायच्या आधीच मला कळलं. डावरं कोण आहे?

डावरे शोधून आणायचे म्हणे, आये. सोनं देऊन आणायचे. राजे त्यांची वाट बघायचे.

मी नातीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि तिचा डावा हात, वर जाईल म्हटलं, तो हळूच कोटाच्या खिशात गेला. खिशातच मूठ वळली, कापडावरून दिसली मला. एवढा अख्खा किल्ला, भोक, खड्डा, भोसकलेला भाऊ, यातलं मला कशानंच काही झालं नव्हतं. त्या खिशानं झालं.

मी हात वर केला. डावा. "मी!" मराठीतच ओरडले. लोक टाळ्या वाजवायला लागले, लुगड्यावर कोट आणि पायात बूट घातलेली म्हातारी बघून. गाइडनं वाकून नमस्कार केला, माझ्या डाव्या हातात लाकडी तलवार दिली आणि स्वतः पाच पायऱ्या वर जाऊन उभा राहिला. साठ वर्षांनी त्या हातात काही वजनाचं आलं होतं. पहिला वार मी हळू केला. त्यानं "ओ!" करून नाटक केलं. दुसरा जरा जोरात. खांब आड आला नाही, आये. खरंच आड आला नाही. हात सरळ गेला. मग तो हात माझा राहिला नाही. मारलं, मारलं, पायरी चढले, पुन्हा मारलं. उंच पायरीला अडखळले, गुडघ्यावर पडले, गुडघ्यावरूनच मारलं. त्याची तलवार खाली पडली तरी मारलं. तोंडातून काय निघत होतं देवाला ठाऊक, सून म्हणते, मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. करंगळीपासून. मी कोणाला मारत होते ते तुला सांगायला नको. तुझा गुडघा होता तिथे. त्याच्या शेजारी ती पळीवाली म्हातारी होती. दोघींना मारलं.

"आजी, स्टॉप!" खालून आवाज आला. मी वळले. नातीनं दोन्ही हात डोक्यावर धरले होते, पोरं मार चुकवायला धरतात तसे. मी तिच्यापासून सात पायऱ्या लांब होते, तरी धरले होते. माझ्या हातातून तलवार गळाली आणि खडखडत तिच्या पायाशी गेली.

गाइडच्या बोटांची सालटं गेली होती, रक्त वाहत होतं. मेला हसत होता! म्हणाला, या आजींना त्या काळी घेतलं असतं तर किल्ला दुपारपर्यंत पडला असता. सुनेनं पर्समधून पट्टी काढून त्याची बोटं बांधली. बांधता बांधता, मान वर न करता, ती मराठीत म्हणाली, "मारताना हात अडत नाही हो तुमचा, आई." एवढंच. पण मी परतीच्या विमानभर ते वाक्य चघळत होते.

माहूजला आल्यावर दुसऱ्याच सकाळी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती चपात्या लाटत होती. म्हटलं, "त्या दिवशी ओव्हन नव्हता. मी मारलं. पळीनं." लाटणं थांबलं नाही. "माहीत आहे," म्हणाली. "ओव्हनचा डाग रेघेसारखा असतो. तिचा गोल होता, वाटीएवढा, दांड्यासकट. मीच रोज ड्रेसिंग करत होते ना." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" तेव्हा लाटणं थांबलं. "तिनं मला शपथ घातली. म्हणाली, तू बोललीस की आजीला गावी पाठवशील. आणि मला बघायचं होतं तुम्ही कधी बोलता. चार महिने लागले." मग चपाती तव्यावर टाकली. "पुन्हा हात उचललात तर तिकीट मी स्वतः काढेन, यांना विचारणारसुद्धा नाही. आणि सॉरी मला म्हणू नका. आत बसली आहे ती."

आत नात गृहपाठ करत होती. मी आले तशी पेन्सिल डाव्यातून उजव्या हातात गेली. आये, मी तुझ्यासारखी धीट नाही, मला रडता रडता मारता येत नाही, रडता रडता बोलताही येत नाही. मी फोडणीची पळी आणली. थंड होती. तिच्यापुढे ठेवली, माझा डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हटलं, "मार. माझी पाळी झाली, आता तुझी." मला वाटलं होतं पोर गळ्यात पडेल. आजी, इट्स ओके, म्हणेल. कसलं काय! तिनं पळी बघितली, आपलं मनगट बघितलं, पळी डाव्या हातात घेतली आणि अशी हाणली की माझ्या डोळ्यांपुढे आयर्लंड आलं. मी "मेले!" म्हणून ओरडले. ती दचकली, मग हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली, आणि ते थांबायला बराच वेळ लागला. जेवताना मुलानं विचारलं, "आई, हात कशानं सुजला?" मी म्हटलं, "ओव्हनला लागला." नातीच्या नाकातून आमटी आली. तिचा घास डाव्या हातात होता. भात एक शीतसुद्धा सांडला नाही.

काल तिनं माझी बोटं धरून नीट बघितली. कार्डाच्या ऑफिसात ठसे का उठले नाहीत ते विचारलं. दरोड्याची गोष्ट तिला आता खपत नाही, मोठी झाली. मग मी सगळं सांगितलं. बाटली, काडी, चिंधी, तुझा गुडघा. मुकादमाचंही सांगितलं. ती ऐकता ऐकता एकेक बोट चोळत होती, जणू अजून दुखत असेल. आणि मग तिनं विचारलं, "डिड शी से सॉरी, आजी?"

हे पत्र कुठे पाठवायचं? लिहून झालं की तांदळाच्या डब्यात तळाशी घालीन, मुलगा तिथे कधी हात घालत नाही. पण एक सांगते, नंतर तोंडघशी पाडू नकोस. मी तिला काजूचं सांगणार होते. ओच्यातले तुकडे, "खा" म्हणालीस ते. पण तिच्या डोळ्यांत बघून मला ते पुरेलसं वाटलं नाही. मी म्हटलं, "हो गो. म्हणाली होती. दोनदा." आता भेटशील तेव्हा निदान एकदा म्हण, म्हणजे माझं निम्मंच खोटं राहील.